चाळीस ठोके

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. आल्यागेल्याला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे दारात कोण उभे आहेत?" ते आमचे वडील. ते इतके स्वच्छ आले आहेत की त्यांच्या कोटाचं वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा निराळं आहे हेसुद्धा दिसतं. मग पाहणारा फोटो डोळ्यांजवळ नेतो आणि विचारतो, "आणि इथं जात्यापाशी भिंतीला ओल आली होती का?" ती ओल म्हणजे माझी आक्का.

फोटो मी काढला आणि मीच बिघडवला. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो. तो येणार हे माहीत असूनच लिहायला बसलो आहे.

साल सव्वीस असेल, नाहीतर सत्तावीस. मी तेवीस वर्षांचा होतो आणि सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे मुलांकडून पेरू आणि पितळी तांब्या काढून घेत होतो. स्वतःला मात्र मोठा कलावंत समजायचो. डोक्यात हवा भरलेली आणि ती काढायला घरात एकच माणूस, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आक्का. मी एखादं चित्र तिच्यापुढे धरलं की ती शांतपणे विचारायची, "ही म्हस हाय का?" ते बहुधा सिद्धेश्वराचं देऊळ असायचं.

कॅमेरा मिळाला तो आक्काच्या यजमानांमुळे. दाजी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. तिथला एक गोरा गार्ड नोकरी संपवून विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं सामान काढून टाकलं आणि त्यातला कॅमेरा दाजींनी माझ्यासाठी उचलून आणला. लाकडी पेटी, पुढे ओढला की बाहेर येणारा कातडी भाता, मागे घासलेली काच, वर घ्यायला काळं फडकं आणि खाली तीन पायांची घोडी. भिंगाभोवती पितळेचं कडं होतं. त्यावर सेकंदाच्या बारीक बारीक भागांचे आकडे कोरलेले होते आणि आकडे संपले की दोन अक्षरं, बी आणि टी.

ही दोन अक्षरं अंधाऱ्या जागेसाठी. काटा बीवर ठेवला की खटका दाबून धराल तेवढाच वेळ भिंग उघडं राहतं, बोट काढलं की बंद. टीवर ठेवला की एकदा दाबल्यावर ते उघडतं आणि पुन्हा दाबेपर्यंत उघडंच राहतं. मधे तुम्ही जेवून आलात तरी उघडंच. बीवर ठेवलं की माझं बोट थरथरायचं आणि त्याबरोबर कॅमेराही थरथरायचा, म्हणून मी घरातल्या फोटोंना नेहमी टी वापरायचो. एवढा फरक लक्षात ठेवलात म्हणजे पुढचं सगळं कळेल.

घरातल्या फोटोला भिंग किती वेळ उघडं ठेवायचं हे मोजणार कसं, ही पहिली अडचण. आमच्या घरात घड्याळ एकच होतं आणि ते अण्णांच्या खिशात असायचं. अण्णा म्हणजे वडील. त्यांच्या खिशातली वस्तू मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

उपाय भिंतीतून मिळाला. आमच्या माजघराची आणि शेजारच्या विणकरांची भिंत एकच होती. तेलुगू कुटुंब होतं ते. घरातले म्हातारे गृहस्थ, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, उजाडल्यापासून हातमागावर बसलेले असत. धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला की फणी आपटायची. ठक्क. पुन्हा धोटा, पुन्हा ठक्क. जन्मापासून हा आवाज ऐकत आल्यामुळे तो आम्हाला ऐकूच येत नसे. एक दिवस आमच्या मुख्याध्यापकांचं सेकंदकाट्याचं घड्याळ मागून आणलं, भिंतीला कान लावून मोजलं, तर मामांचे ठोके मिनिटाला बरोबर साठ. पुन्हा मोजले, तरी साठ. त्या दिवसापासून मामा माझं घड्याळ झाले.

यातही फसलोच. सकाळचे फोटो बरे येत आणि दुपारचे अंधारात बुडत. काही केल्या कारण सापडेना. शेवटी आक्कानं शोधून काढलं. "दुपारी मामा निजत्यात रं," ती म्हणाली. "मागावर पोरगा असतो त्यांचा. त्याचं नवं लगीन झालंय, हात बघ की कसा चालतोय." खरंच होतं. मामांचे चाळीस ठोके आणि त्यांच्या मुलाचे चाळीस ठोके यांत चांगला दहा-बारा सेकंदांचा फरक पडत होता. मग मी घरातले फोटो सकाळीच काढायचे असं ठरवलं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. ते गिरणीत विणकाम खात्यात कारकून होते. अंगानं किरकोळ, आवाजही मोठा नाही. हात उचललेला मला आठवत नाही. रागावले की ते गप्प उभे राहायचे. बस, एवढंच. पण ते तसे उभे राहिले की आम्ही हातातलं काम टाकून जमिनीकडे बघत राहायचो. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की पाव तासात त्यांच्या वहाणा सोप्यावर वाजत आणि घर उठून उभं राही. आई चुलीपुढून उठायची, डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. आक्का पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरायची. मी छत्री आणि टोपी घेऊन खुंटीला लावायचो. ते पाटावर बसले की मग आम्ही बसायचं. हे कुणी शिकवलेलं मला आठवत नाही. वहाणांचा आवाज आला की पाय आपोआप सरळ होत, त्याला डोक्याची परवानगी लागत नसे. लग्न होऊन कुर्डुवाडीला गेलेली आक्का माहेरी आली की पहिल्या संध्याकाळपासून तिचं तेच सुरू व्हायचं.

त्या वर्षी दाजींना आफ्रिकेत रेल्वेची नोकरी लागली. ते पुढे गेले. सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं की घर मिळालं आहे, एका सोबत्याचं कुटुंब निघतंय, त्यांच्याबरोबर आक्कानं मुंबईहून आगबोटीनं मोंबाशाला यावं. आक्का आठ दिवस माहेरी राहायला आली. परत कधी येणार हे पत्रात नव्हतं आणि विचारायचं कुणाला तेही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी सकाळची शाळा सुटून घरी आलो, तर ती कॅमेऱ्याच्या पेटीवरची धूळ पदरानं पुसत बसली होती. एरवी ती पेटीला हात लावत नसे.

"हिचा एक फोटू काड," ती म्हणाली. "मला तिचं तोंड पायजे."

"पत्रं येतील की," मी म्हणालो.

"पत्र तू वाचून दावनार. मला अक्षर येत न्हाय. तोंड मला मी बघीन."

सात रस्त्याकडे एक फोटोवाला होता. पडद्यापुढे खुर्ची ठेवून उत्तम फोटो काढायचा. पण आपल्या घरची बाई परक्या माणसापुढे तोंड करून बसणार नाही, असं अण्णांनी आक्काच्या लग्नात एकदा सांगितलं होतं आणि ते एकदाच सांगत. अंगणात चांगला उजेड होता, पण अंगण चार बिऱ्हाडांचं. राहिलं माजघर. धाब्याचं घर, खिडकी नाही, छताला उजेडासाठी ठेवलेलं एक सवणं तेवढं होतं. अकराच्या सुमाराला त्यातून उन्हाचा एक तुकडा जात्याशेजारी पडायचा आणि भिंत उजळायची. आईला फोटोही तिथलाच हवा होता. आक्का लहानपणापासून तिथंच पाट टाकून बसायची.

अण्णांना सांगायचं नाही असं तिघांनी न बोलताच ठरवलं. ते सकाळी जात ते संध्याकाळच्या भोंग्याला येत. त्यामुळे अकरा वाजता भीती कशाची?

फोटो उमटायचा तो मसाल्याचा थर दिलेल्या काचेवर आणि माझ्याकडे तशी काच एकच उरली होती. बारा काचांचा खोका मुंबईहून यायचा. त्या बारांपैकी सहा मी तळ्यातलं देवळाचं प्रतिबिंब टिपण्यात घालवल्या होत्या. तीन धुताना गेल्या, कारण चैत्रातल्या कोमट सोलापुरी पाण्यात काचेवरचा थर सायीसारखा सुटून यायचा. दोन दुपारी काढलेल्या, म्हणजे मामांच्या सुनेच्या खात्यात गेल्या. नवा खोका मागवला होता, पण तो यायच्या आत आक्काची गाडी सुटणार होती. हे मी आईला सांगितलं नाही. कलावंत माणूस एका काचेत काम करतो, अशा थाटात वावरत राहिलो.

आक्काच्या जाण्याच्या दोन दिवस आधी मी सकाळी मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, अकरा वाजता भिंतीवर तीन थापा मारीन. तिथून चाळीस ठोके एकसारखे घाला. मधे सूत तुटलं तरी थांबू नका."

मामा हसले. "चाळीसच काय बाबू. साडी निम्मी हाय अजून, दुपारपातूर घालतो की."

आक्का हिरवं इरकली लुगडं नेसून पाटावर बसली. एक हात जात्याच्या खुंट्यावर, दुसरा मांडीवर. मी फडक्याखाली शिरून घासलेल्या काचेवर तिला उलटी पाहिली. तिच्या डाव्या अंगाला सोप्यातून माजघरात यायचं दारही काचेत येत होतं. ते येऊ दे म्हटलं, चौकट बरी दिसते. आक्काचं तोंड, जातं आणि दार, सगळंच रेखीव यावं म्हणून भिंगाचं भोक बारीक केलं. त्यामुळेच चाळीस ठोके लागणार होते. आई माझ्या मागे उभी होती.

"श्वास घे, पन हलू नगंस," मी आक्काला सांगितलं. "डोळे मिटलेस तर चालंल. हसू नगंस."

"मग तू म्होरनं बाजूला हो," ती म्हणाली. "तुला बघून हसू येतंय."

मी भिंतीवर तीन थापा मारल्या. काटा टीवर ठेवलेला होता. खटका दाबला.

एक. दोन. तीन. आक्का अशी बसली होती की मला नटवलेली हरतालिकेची मूर्ती आठवली आणि लगेच वाटलं, हे तिला सांगितलं तर ती उठून मारील. दहा. अकरा. तिच्या नाकाशेजारी घामाचा एक थेंब सरकत होता, तोही तिनं सरकू दिला. त्या क्षणी मला ती फार आवडली. परवा ही इथं नसणार, हे मला तोवर खरं वाटलंच नव्हतं. अठरा. एकोणीस. तरी मी मोजणं सोडलं नाही याचं मला कौतुक वाटलं.

बाविसाव्या ठोक्याला सोप्यावर वहाणा वाजल्या.

गिरणीत इंजिनाचा मोठा दोर तुटला होता आणि विणकाम खात्याला घरी सोडलं होतं. ते आम्हाला मागाहून कळलं. भोंगा झाला नव्हता, त्यामुळे कुणाचंही मन तयार नव्हतं. पाय मात्र तयार होते. आक्का उठली. पदर डोक्यावर घेतला आणि पाणी आणायला सरळ स्वयंपाकघरात गेली. आई वळून चुलीकडे गेली. आणि मी, ज्यानं ओरडून आक्काला बस म्हणायला हवं होतं, निदान खटका पुन्हा दाबायला हवा होता, तो कॅमेरा तसाच टाकून सोप्यावर गेलो, अण्णांच्या हातातली छत्री घेतली, टोपी घेतली आणि खुंटीला लावली.

काटा बीवर असता तर माझं बोट निघताच भिंग मिटलं असतं. आक्का बावीस ठोक्यांची आली असती, जरा अंधारी, जरा फिकी, पण पुरती आली असती. हा विचार मी किती वेळा केला असेल याला सुमार नाही.

अण्णा माजघराच्या दारात आले आणि थांबले. समोर तीन पायांवर उभी पेटी, तिच्यावर काळं फडकं आणि त्यांच्याकडे बघणारं भिंग. खाली रिकामा पाट. "ह्ये काय हाय?" त्यांनी विचारलं. मग ते त्यांच्या रीतीनं गप्प उभे राहिले. आई चुलीपाशी, आक्का तांब्या हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड, मी खुंटीपाशी मान खाली घालून. भिंतीपलीकडे मामा इमानानं ठोके घालत होते. दीड मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. गप्प उभं राहायची सवय असलेला असा माणूस जगातल्या कुठल्याही फोटोवाल्याला हात जोडून मागावा लागेल.

"पानी आना," ते शेवटी म्हणाले आणि पाय धुवायला सोप्यावर गेले. तेव्हा मला खटक्याची आठवण झाली.

त्याच दुपारी कोठीच्या खोलीत दाराच्या फटी पोत्यानं बुजवून, तांबड्या काचेच्या कंदिलाच्या उजेडात मी ती काच धुतली. रांजणाच्या तळाचं गार पाणी घेतलं होतं. थर सुटला नाही. काच चांगली काळी झाली आणि तिच्यात हळूहळू दार आलं, दारात अण्णा आले, जातं आलं, पाट आला. पाटावर कुणी नव्हतं. भिंतीसमोर काहीतरी धुरकट होतं, तेवढंच. मी स्वतः त्या चौकटीतून गेलो होतो, त्याची तर खूणसुद्धा नव्हती.

बाहेर आई उभी होती. "आला का?"

"आला," मी म्हणालो. "चांगला आला."

त्यानंतर दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट करता आली असती. अण्णांपुढे उभं राहून म्हणायचं, माझ्या हातनं काच बिघडली, आक्काला टांग्यातनं फोटोवाल्याकडे नेऊन आणतो, आईसाठी. फार तर ते गप्प उभे राहिले असते. पण मी भित्रा होतो आणि त्याहून म्हणजे, माझा फोटो बिघडला हे मला आक्काच्या तोंडावर कबूल करायचं नव्हतं. ती हसली असती याची भीती होती. आज वाटतं, हसली असती तर काय झालं असतं!

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आक्का खिडकीतून म्हणाली, "आईला फोटू लौकर छापून दे रं. म्हस काडू नगंस." मी मान हलवली. घरी येईपर्यंत मला आईच्या बाजूनं चालवलं नाही.

चार दिवस टाळलं, पाचव्या दिवशी काचेखाली कागद घालून उन्हात ठेवला आणि फोटो छापला. आईच्या हातात दिला. तिनं तो उजेडाला नेला. मी सगळं सांगून टाकलं, बी आणि टीसुद्धा सांगितलं. तिला ते कळलं नसावं, पण तिनं मधे तोडलं नाही. बराच वेळ बघून तिनं बोट ठेवलं.

"ह्यो हात हाय तिचा," ती म्हणाली.

जात्याच्या खुंट्याशी खरोखर जरा दाट असा एक ढग होता. आक्कानं खुंटा घट्ट धरला होता, तो हात बावीस ठोके तसूभरही हलला नव्हता.

"हितं बसली हाय बघ," आई म्हणाली. "दिसती की मला." आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. तिनं मला एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

फोटो भिंतीतल्या फडताळात, हळदीच्या डब्यामागे राहिला. दुपारची कामं उरकली की आई तो काढून बघायची. आफ्रिकेची पत्रं यायची, मी वाचून दाखवायचो, ती ऐकायची आणि मग उठून फडताळाकडे जायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका रविवारी अण्णा सुपारी शोधायला फडताळाशी गेले आणि फोटो हातात घेऊनच बाहेर आले.

त्यांनी आयुष्यात स्वतःचा फोटो पाहिला नव्हता. आधी ते स्वतःकडेच बघत राहिले. कोटाच्या बटणाला हात गेला. मग त्यांनी विचारलं, "ह्यात जात्यापाशी काय हाय?"

"ती हाय," आई म्हणाली. "तुमी आलात, ती उठली."

आई हे चिडून म्हणाली नाही. पाऊस आला, कपडे काढले, असं सांगतात तसं सांगितलं. अण्णा फोटोकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "किती येळ बसायचं हुतं तिला?"

"मामांच्या मागाचे चाळीस ठोके."

"एवडंच?"

"एवढंच."

त्यांनी फोटो आईच्या हातात परत दिला. सुपारी न घेताच ते बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला, वहाणा सोप्यावर वाजल्या आणि त्या मागोमाग आवाज आला, "बसा. उठू नगा कुनी." आम्ही अर्थात उठलोच. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णा आता सोप्यावर थांबत, बसा म्हणत, थोडा दम घेत आणि मगच आत येत. आमच्या पायांना हे शिकायला महिना लागला. आईला तर वर्ष लागलं. पुढे माझं लग्न झालं, बायको घरात आली. तिला वाटायचं हा आमच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. माहेरी जाऊन ती कौतुकानं सांगायची की आमचे मामंजी आधी बसा म्हणतात आणि मग घरात येतात.

मी कॅमेरा पुढे दोन-तीन वर्षं वापरला. मग भात्याला भोकं पडली आणि माझ्या डोक्यातली हवाही कमी झाली. पेटी ट्रंकेत गेली.

आक्का आली ती नऊ वर्षांनी. येते म्हणून पाठवलेलं पत्र तिच्यामागून दोन दिवसांनी पोचलं. सकाळच्या गाडीनं एकटीच उतरली, टांगा करून दारात. अंगानं भरली होती, कपाळावरचे केस पांढरे झाले होते. आई तिच्या तोंडाला दोन्ही हात लावून उभी राहिली आणि कितीतरी वेळ तिनं ते काढलेच नाहीत. अण्णा गिरणीतून मोकळे झाले होते, सकाळी कुणाकडेसे गेले होते. मी बोलावून आणतो म्हणालो, तर आई म्हणाली, "नगं. येतील आपलं."

आफ्रिकेहून आलेली बाई आंघोळ करून, दोन घास खाऊन करते काय, तर सुपात ज्वारी घेऊन जात्यापाशी पाट टाकून निवडायला बसली. आई समोर बसून तिच्याकडे बघत होती. मी माझ्या जुन्या जागी उभा होतो, भिंतीला टेकून. सवण्यातून ऊन खाली आलं होतं. अकरा वाजले असावेत.

सोप्यावर वहाणा वाजल्या. आक्कानं सूप खाली ठेवलं आणि एक हात जमिनीला लावला. तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला, आता जरा फाटलेला, "बसा. उठू नगा."

आक्काला हे नवं होतं. ती तशीच अर्धवट थबकली. आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस," ती म्हणाली. "आता उठायचं न्हाय."

अण्णा दारात आले आणि त्यांना आक्का दिसली. एक पाऊल पुढे पडलं, पण ते त्यांनी मागे घेतलं आणि चौकटीला हात लावून उभे राहिले. आक्कानं खुंटा धरला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

शेजारी माग चालू होता. मामा जाऊन चार वर्षं झाली होती. मागावर त्यांचा मुलगा होता आणि वयानं त्याचाही हात आता बापासारखा साठावर आला होता. मी मोजतो आहे हे मला दहा-बारा ठोक्यांनंतर कळलं. वीस. एकवीस. बाविसावा ठोका पडला आणि आक्का बसलेलीच होती. मला हुंदका आला, पण मोजणं मी तुटू दिलं नाही. तीस. पस्तीस. कुणी हललं नाही.

अण्णांनी मान वळवली नाही. दारातून, आक्काकडेच बघत, त्यांनी मला विचारलं, "झालं का रं चाळीस?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "झालं."

मग ते आत आले.